रुमाल टाकलेली जागा

साहेबरावांना थांबता येत नसे. बाकी माणूस चांगला. नोकरी सरकारी, बोलणं गोड, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण थांबणं म्हणून जे काही असतं ते त्यांच्या अंगात नव्हतंच. चहाला उकळी फुटायच्या आत ते गाळणं घेऊन उभे. डॉक्टरांनी सांगायच्या आधी यांचा आ झालेला. समोरचा माणूस बोलायला लागला, की त्याचं वाक्य हे पुरं करत आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करत. बाजारात दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया आल्या, तेव्हा आता कुठं जग आपल्या चालीनं चालायला लागलं असं त्यांना वाटलं होतं. पण पुढं पुढं त्यांना ती दोन मिनिटंही जड जाऊ लागली आणि घरातली माणसं कच्च्या शेवया खाऊ लागली. त्यांच्या बायकोचं, ज्योत्स्नाबाईंचं म्हणणं असं, की लग्नात बौद्धाचार्यांचं बोलणं संपायच्या आतच यांनी हार उचलला होता आणि तो करवलीच्या गळ्यात जाता जाता राहिला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते काही उगाच नाही.

तर अशा माणसावर त्या रविवारी एकच काम सोपवलं होतं. बारामतीतून तात्यांचे दात घ्यायचे आणि अंथुर्ण्याला पोचवायचे.

तात्या म्हणजे साहेबरावांचे वडील, पेन्शनीत निघालेले केरबा गुरुजी. अंथुर्ण्यात विहाराशेजारच्या खोलीत त्या दिवशी वाचनालय उघडायचं होतं. ते वाचनालय म्हणजे तात्यांचा जीव. पत्र्याच्या पेटीत पुस्तकं घालून त्यांनी ती सायकलवरून वाड्यावस्त्यांवर फिरवली होती. पेटी गंजली, सायकल मोडीत गेली, पुस्तकं मात्र वाढत गेली आणि आता कुठं त्यांना चार भिंती मिळत होत्या. फीत कापायला पुण्याचे पाहुणे येणार होते. पण भाषण तात्यांचं होतं. महिनाभर ते भिंतीला तोंड करून पाठ करत होते. आणि नेमकी आठवडाभर आधी त्यांची वरची कवळी मोरीच्या दगडावर पडून दुभंगली.

कशी पडली, हा विषय घरात निघत नसे. तात्या बारामतीला लेकाकडे आले होते, सकाळी मोरीत निवांत दात धूत होते, आणि साहेबराव दारात उभे राहून "तात्या, आवरा, आवरा, आवरा" म्हणत होते, एवढंच. तिसऱ्या 'आवरा'ला कवळी हातातून सुटली.

"दात न्हाईत तर भाषण न्हाय," तात्यांनी सांगून टाकलं होतं. "जलमभर पोरांना शुद्ध बोला म्हणून छड्या मारल्या. आता मीच लोकांम्होरं 'वाफनालय' म्हणू व्हय?"

कवळी रविवारी सकाळी तयार होणार होती. ज्योत्स्नाबाई आणि मुलगी साक्षी आदल्या दिवशीच तात्यांना घेऊन अंथुर्ण्याला गेल्या. निघताना ज्योत्स्नाबाईंनी बजावलं, "एकच काम आहे तुम्हाला. डबी खिशात ठेवायची आणि गाडीत बसायचं. पळायचं नाही."

स्कूटरने गेले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण थंडीच्या दिवसांत स्कूटर गरम व्हायला जरा वेळ घेते आणि तो वेळ तिला कधी मिळाला नव्हता. गुरुवारी साहेबरावांनी तिला लागोपाठ इतक्या किका मारल्या, की शेवटची किक मारल्यावर किक त्यांच्या पायाबरोबर बाहेर आली. म्हणून एसटी.

दातांच्या डॉक्टरांनी कवळी एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिली. खिसा उथळ म्हणून साहेबरावांनी ती डबी आपल्या रुमालात गाठ मारून बांधली. इथं त्या रुमालाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तो नाक पुसायचा रुमाल नव्हता. तांबड्या चौकड्यांचा, चांगला हातभर लांब, लांबून ओळखू येणारा, खास एसटीसाठी ठेवलेला रुमाल होता. गाडी स्टँडात शिरली, की तिच्याबरोबर पळायचं आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. टाकला की जागा तुमची. सातबाऱ्यावर भावाभावांत भांडणं होतील, पण रुमालाच्या मालकीवर कुणी बोट ठेवत नाही. म्हातारी माणसं उभी राहतील, लेकुरवाळी उभी राहील, रुमाल आपला बसून जाईल. या कलेत साहेबरावांचा हात धरणारा बारामतीच्या स्टँडवर कुणी नव्हता.

स्टँडवर रविवारची गर्दी होती. बाकावर अंथुर्ण्याच्या गोजरबाई बोचकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनाही तात्यांच्या कार्यक्रमालाच जायचं होतं.

"जय भीम, सायबा. बस की हितं," त्या सरकून म्हणाल्या. "गाडी लागंल, मग चढू."

"लागेल तेव्हा सगळेच चढतील, गोजरमावशी," साहेबराव म्हणाले आणि फाटकाकडे तोंड करून, एक पाय पुढं टाकून उभे राहिले.

एवढ्यात एक गाडी आत शिरली. कुणीतरी ओरडलं, "इंदापूर!" अंथुर्ण्यावरून जाते ती हीच. कोण ओरडलं, त्याला कसं कळलं, पुढं पाटी आहे का, हे बघायला वेळ कुणाला होता? साहेबराव धावले. दोन माणसं, एक हांडा आणि एक बकरी त्यांनी मागं टाकली, चालत्या गाडीची तिसरी खिडकी गाठली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात खिशात गेला, वर गेला, सुटला. रुमाल आत पडला. आत सीटवर टक् असा आवाज झाला.

रुमाल पडताना टक् असा आवाज होत नाही.

साहेबराव जागच्या जागी थिजले. गाडी मात्र थांबली नाही. ती फलाटाला वळसा घालून दुसऱ्या फाटकातून तशीच बाहेर पडली. मागच्या काचेत पाटी होती, निरवांगी. तात्यांचे दात निरवांगीला चालले होते.

"दात! दात गेले!" साहेबराव ओरडले.

भोवती माणसं जमली. आपल्याकडे मदतीला एखाददुसराच येतो, सल्ल्याला गाव लोटतं. "पडले का पाडले?" एकानं विचारलं. दुसरा त्यांच्या तोंडात वाकून बघायला लागला. तिसऱ्याचे मेहुणे एसटीत होते. त्याच्या मते कंडक्टर ते दात डेपोत जमा करील, पण ते आपलेच आहेत हे तिथं चावून दाखवावं लागतं. चौथा म्हणाला, सीटवर कुणी बसलं असेल तर आता दात कसले, भुगाच. पाचव्यानं विचारलं, सोन्याचे होते का, आणि नव्हते म्हटल्यावर निघून गेला.

साहेबरावांनी चौकशीची खिडकी गाठली. आतले गृहस्थ शांत होते, डोळ्यांवर चष्मा होता, समोर चहा होता.

"आता गेलेली गाडी कुठली?"

"ती व्हय? ती निरवांगीची मुक्कामी गाडी. आता ती..."

पुढचं वाक्य ऐकायला खिडकीपाशी कुणी नव्हतं. गृहस्थांनी ते चहाच्या कपाला सांगून संपवलं. बाकावरून गोजरबाई हाका मारत होत्या, "सायबा! आरं थांब की, येतीया ती!" पण साहेबराव स्टँडच्या बाहेर पोचले होते.

बाहेर वडापाच्या, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन माणसं भरून नेणाऱ्या जीपा उभ्या असत. बाबूलालची जीप नंबरात पहिली होती, आणि बाबूलाल बॉनेटवर पाय सोडून शेंगा खात होता.

"निरवांगी! चल! लगेच!"

"गाडी भरल्याबिगर हालत न्हाय, सायब."

"सगळ्या सीट माझ्या. चल!"

बाबूलालनं शेंगांची टरफलं झटकली, आरसा पुसला, बिस्मिल्ला म्हटलं, आणि जीप निघाली. गावाबाहेर पडते न पडते तोच थांबली. एक म्हातारी, तिची सून आणि एक एरंडेलाचा डबा आत आला. पुढं परत थांबली. अजून तिघं आले.

"अरे, सगळ्या सीट मी घेतल्यात ना?"

"शिटा तुमच्याच हायेत सायब," बाबूलाल मागं वळून म्हणाला, "पण माणसं माझी हायेत. त्यांना रस्त्यात सोडून जाऊ व्हय?"

साहेबराव दोन बोचक्यांच्या मध्ये अंग चोरून बसले. डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. मांडव भरलाय, पाहुणे आलेत, आणि तात्या पदरासारखा रुमाल तोंडाला लावून, मान खाली घालून बसलेत. ज्या माणसाच्या शब्दाला सगळी पंचक्रोशी मान डोलवत आली, तो आज चार शब्द बोलू शकत नाही, आणि कुणामुळं?  साहेबराव बाबूलालच्या खांद्यावर थापट्या मारायला लागले, जणू जीप खांद्यातून चालत होती.

मग ऊस आला. गाळपाचे दिवस. पुढं एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रेलर, दोन्हींवर ऊस असा रचलेला, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं त्याला घासत होती. मागच्या ट्रेलरवर रंगवलं होतं, 'अति घाई संकटात नेई'. साहेबरावांनी ते वाक्य वाचलं. परत वाचलं. दुसरं वाचण्यासारखं काही नव्हतंच. म्हातारीच्या सुनेनं चालत्या जीपमधून उतरून ट्रेलरमधला एक ऊस ओढून घेतला आणि परत चढून, सोलून सगळ्यांना कांड्या वाटल्या. जीप इतकी सावकाश चालली होती.

"मी चालत पुढं होतो," साहेबराव म्हणाले.

"कुठवर, सायब?"

"निरवांगी!"

आणि ते खरोखर उतरले. जीप ओलांडली, ट्रेलर ओलांडले, ट्रॅक्टरही ओलांडला, आणि तरातरा चालू लागले. जरा वेळानं मागून मोठा हॉर्न वाजला. ट्रॅक्टरवाल्यानं ऊस बाजूला घेतला होता, आणि एक एसटी सगळ्यांना मागं टाकून येत होती. एकटा, घामाघूम, टाय नसलेला पण इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस रस्त्यानं पळत्यागत चाललेला बघून ड्रायव्हरला दया आली. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"बसणार का?"

"कुठली गाडी?"

"इंदापूर. व्हाया अंथुर्णे."

"नको, नको! मला निरवांगीला जायचंय!"

आतून कुणी बाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "आरं चढ! तुझी जागा..." पण साहेबरावांना कुणाची पूर्ण वाक्यं ऐकायची सवय नव्हती, आणि आज तर वेळच नव्हता. त्यांनी कंडक्टरला हातानं 'जा, जा' केलं, दार स्वतःच्या हातानं लावलं, आणि गाडी सुटली नाही तोवर पत्र्यावर दोन थापाही मारल्या. मागून बाबूलाल आला, त्यानं त्यांना उचलून आत घेतलं, आणि जंक्शनवर जीप अंथुर्ण्याची वाट सोडून वळली. हाकेच्या अंतरावर मांडवातला कर्णा वाजत असेल, असं साहेबरावांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी त्या बाजूला बघायचं टाळलं.

निरवांगीत पोचले तेव्हा पारावर सरुबाई नावाच्या एक बाई बोरं विकत बसल्या होत्या, बाकी सामसूम. गाडीचा मागमूस नव्हता.

"बाई, बारामतीहून आलेली एसटी कुठाय?"

"बारामतीस्नं?" सरुबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ती काल सांच्याला आली, मुक्काम केला, सकाळी गेली की माघारी."

"माघारी कुठं?"

"बारामतीला. आन..." सरुबाई बोर निवडू लागल्या. साहेबराव तोंड उघडून उभे होते. वाक्य पुरं करायला त्यांच्याकडे आज काहीच नव्हतं. सरुबाईंनी किडकं बोर फेकलं आणि सांगितलं, "तितं डिझेल घालती, पाटी बदलती, आन तीच गाडी इंदापूरला जाती. रोजचंच हाय. लेकरालासुदिक ठावं हाय."

"अंथुर्ण्यावरनं?"

"मग काय, आभाळातनं?"

साहेबराव मटकन पारावर बसले. चौकशीवाल्या गृहस्थांचं राहिलेलं वाक्य इतक्या लांब येऊन पुरं झालं होतं. स्टँडवर बाकावर नुसतं बसले असते, तर गाडी परत आली असती, फलाटाला लागली असती, आणि ते आपल्या रुमालाशेजारी बसून अंथुर्ण्याला गेले असते. ती गाडी त्यांच्यासाठी रस्त्यात थांबलीसुद्धा होती. आणि तिचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी," बाबूलाल हळूच म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून त्यानं मूठभर बोरं घेऊन त्यांच्यापुढं धरली.

परतीच्या वाटेवर चाक पंक्चर झालं. बाबूलालनं जॅक लावला, नट काढले, स्टेपनी बघितली, तिच्यातही हवा कमी होती, ती भरायला पंप काढला. साहेबराव एका दगडावर बसले होते. त्यांच्या तोंडून एकदाही 'आवर' निघालं नाही. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचंही सुचत नव्हतं. आता दात इंदापूरला पोचले असतील, कुठं हरवले असतील, तात्यांची सभा संपली असेल. ज्या माणसानं आपल्याला बोट धरून अक्षर शिकवलं, त्याच्या आयुष्यातल्या एका दिवसाची आपण माती केली, यापुढं त्यांना काही दिसत नव्हतं.

अंथुर्ण्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. फीत कापलेली होती. पाहुण्यांना पुढं आणखी एक फीत कापायची होती, म्हणून ते घड्याळ बघतच आले आणि घड्याळ बघतच गेले होते. पण मांडव मात्र उठला नव्हता. माणसं सतरंजीवर बसून होती, पोरं झोपली होती, कुणी चहा पीत होतं. ज्योत्स्नाबाई वाटेवरच उभ्या होत्या.

"काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "आत चला."

मांडवात गोजरबाईंनी त्यांना बघितलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. "आलास का, बाबा! आरं, तू रुमाल टाकलास तवा मी बघत व्हते. गाडी माघारी आली, चढले, तर तुझी जागा तशीच. कुनाला बसू दिलं न्हाय मी. एक गडी बसाय लागला, तर रुमालातनं कायतरी खडखडलं, तसा त्योच उठला. समदी गाडी हुबी, आन तुझा रुमाल बसून आला. रस्त्यात तुला बोंबलून सांगतीया, तर तू म्हंतूस, निरवांगी!"

सगळा मांडव हसला. साहेबराव हसले नाहीत. ते पुढं बघत होते.

पुढं कट्ट्यावर, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली तात्या खुर्चीत ताठ बसले होते. डबी त्यांच्या हातात होती आणि तोंड मिटलेलं होतं. समोर पहिल्या ओळीत पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या. त्या सगळ्या गावच्या म्हाताऱ्यांनी भरल्या होत्या. मधली एक तेवढी रिकामी होती. तिच्यावर तांबड्या चौकड्यांचा रुमाल पसरला होता.

"पाहुणे म्हणाले, बोलून घ्या गुरुजी, आम्हाला निघायचंय," ज्योत्स्नाबाई कानाशी म्हणाल्या. "तात्यांनी त्यांना सांगितलं, तुम्ही निघा. माझा ऐकणारा अजून वाटेत आहे."

साहेबराव पुढं गेले. "तात्या," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना आलंच नाही.

तात्यांनी हातानं खुर्ची दाखवली. "बस. तुझी जागा धरलीया."

साहेबराव रुमाल उचलून बसले. तात्यांनी पाठ फिरवून डबी उघडली, दात बसवले, एकदा गाल फुगवून बघितले आणि उभे राहिले. मांडव शांत झाला. तात्या बोलायला लागले ते थेट पत्र्याच्या पेटीपासून. शब्द न् शब्द स्वच्छ, सावकाश, फळ्यावर लिहिल्यासारखा. ओढा आला, चिखल आला, सायकलची साखळी पडली, पुस्तकं भिजली. साहेबरावांचा पाय सवयीनं हलायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या पायानं दाबून धरला.

"आणि हे सगळं," तात्या म्हणाले, "मी केलं असं तुम्ही म्हणता. पण ते खरं नाही. हे वाचनालय उभं राहिलं ते एकाच व्यक्तीमुळं. ती व्यक्ती म्हणजे..."

तात्या थांबले. कुठं अडले, कुणास ठाऊक. मांडव वाट बघत राहिला. साहेबरावांना पुढचं नाव माहीत होतं. कुणाला माहीत नव्हतं? मागं फोटोच होता. ते नाव त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं, ओठ उघडलेसुद्धा. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

"...माझी तुळसा," तात्या म्हणाले.

साहेबरावांनी मान वर केली. आईचं नाव तात्यांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पूर्वी तात्या 'तुझी आई' म्हणून काही सांगायला लागायचे, आणि साहेबराव 'हो हो, फार कष्ट केले' म्हणून ते वाक्य पुरं करून टाकायचे.

"तिला वाचता येत नव्हतं," तात्या सांगत होते. "प्रत्येक नवीन पुस्तक पेटीत जाण्याआधी मी तिला वाचून दाखवायचो. मी घाई केली, की ती भाकरी थापायची थांबायची. म्हणायची, 'जरा हळू वाचा की. मला पोचू द्या.'"

 तात्यांना पुढचं वाक्य सापडायला वेळ लागत होता आणि तो वेळ साहेबराव देत होते. त्यांनी रुमाल तोंडातून काढला आणि डोळ्यांना लावला. त्याला अजून कवळीच्या औषधाचा वास येत होता.